नकाशातले अकरा चौकोन

या गोष्टीचा पहिला अर्धा भाग मी पुष्कळ लोकांना सांगितला आहे. निरोप समारंभात सांगितला, सावेडीच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांना सांगितला, सुनेच्या माहेरच्यांनाही सांगितला. साखर कारखान्याच्या वायरलेसचा नकाशा कॉम्प्युटरवर काढणारा आपल्या भागातला पहिला माणूस मी, असा तो भाग आहे आणि तो शाल-श्रीफळापाशी संपतो. पुढचा अर्धा भाग मी पंचवीसहून जास्त वर्षं टाळला. पत्नीलाही सांगितला नाही. ती गेली, आता घरात मान खाली घालावी लागेल असं कोणी उरलं नाही, म्हणून लिहितो आहे. म्हणजे लिहिण्यातही धाडस असं काही नाही.

नव्वदीच्या दशकाचा मधला काळ. मी आधी नागापूरच्या एमआयडीसीत, रेडिओ आणि वायरलेस सेट दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये होतो. तिथून श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात वायरलेस सुपरवायझर म्हणून लागलो. कारखान्याच्या कार्यक्षेत्राचे गट पाडलेले असत. प्रत्येक गटाचं एक ऑफिस, म्हणजे बहुतेक ठिकाणी पत्र्याची एक खोली. आज कोणाच्या उसाला तोड आली, कुठली टोळी कुठे लावली, किती ट्रॅक्टर निघाले, हे सगळं गटावरून कारखान्याला सेटवर कळवायचं. गावात फोन असला तर एखादा, तोही बंद. त्यामुळे हंगामात वायरलेस बंद पडला की गव्हाणीला, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायच्या पट्ट्याला, ऊस कमी पडायचा आणि शिव्या मला पडायच्या.

कुठल्या गटावरून आवाज नीट येतो आणि कुठून येत नाही, हे तोवर आम्ही अंदाजाने सांगत असू. मग आम्हाला सेट पुरवणाऱ्या पुण्याच्या कंपनीने एक लॅपटॉप चार दिवसांसाठी दिला. त्यात एक प्रोग्राम होता. जीपमध्ये सेट ठेवायचा, सेटपासून लॅपटॉपला एक वायर जोडायची. कारखान्याच्या मनोऱ्यावरून कंट्रोलचा, म्हणजे मुख्य सेटवरचा, माणूस दर मिनिटाला एक ते दहा आकडे म्हणणार. तो आवाज आपल्याकडे किती जोरात पोचला हे प्रोग्राम मोजणार आणि शून्य ते शंभरमध्ये एक आकडा दाखवणार. सगळ्या कार्यक्षेत्राचे त्यात चौकोन पाडलेले होते. प्रत्येक चौकोनात जायचं, थांबायचं, आकडा नोंदवायचा. सगळे चौकोन भरले की नकाशा तयार. साठच्या वर हिरवा, चाळीसच्या खाली लाल, मधला पिवळा. आज खिशातल्या फोनवर पोरं वाय-फायचे पट्टे बघतात, तसलाच प्रकार. पण तेव्हा मांडीवर कॉम्प्युटर घेऊन जीपमध्ये बसलेला माणूस बघायला शाळा सुटायची.

हे काम मे महिन्यात केलं. हंगामात जीप मिळत नसे, म्हणून असली सगळी कामं हंगाम संपल्यावर, रानं रिकामी झाल्यावर करायची पद्धत होती. तीन दिवस मी मन लावून काम केलं, हे खरं आहे. मांडीची कातडी लॅपटॉपने भाजली, पण एक चौकोन सोडला नाही. चौथ्या दिवशी दुपारी अकरा चौकोन राहिले. सगळे ओढ्याच्या पलीकडचे, पाणंदीच्या वाटेवरचे. जीप चार वाजता परत हवी होती, कारण संचालकांच्या घरच्या लग्नाचे पाहुणे आणायचे होते. लॅपटॉप संध्याकाळी पुण्याला जाणार होता.

आम्ही रस्त्याकडेच्या रसवंतीत बसलो होतो. जीपचा ड्रायव्हर माझ्यापेक्षा वयाने मोठा, बोलका माणूस. त्याने ग्लास ठेवला आणि पडद्यावर वाकून पाहिलं.

"साहेब, अजून अकरा? त्या पाणंदीत जीप घातली तर बैल लावून काढावी लागंल."

"रिकामे ठेवता येत नाहीत ना. रिकामा चौकोन असला की हा नकाशाच काढत नाही."

"मग भरा की! अल्याडच्या गावाला किती आला?"

"अडुसष्ट."

"अन् पल्याडच्या?"

"चौसष्ट."

"मग मधल्यात काय येगळं असनार? एका गावात ऊन अन् शेजारच्या गावात रात, असं असतं व्हय? टाका सहासष्ट."

मी सहासष्ट टाकला. पुढच्यातही सहासष्ट टाकायला गेलो, तर तो हसला.

"येकसारखं नका टाकू, साहेब. शाळेत कॉपी केल्यागत दिसंल. येक बासष्ट टाका, येक सत्तर. जरा खालीवर करा."

मी खालीवर केलं. तो गंमत करत होता, कळ दाबणारं बोट माझं होतं. अकरा चौकोन भरायला एक ग्लास रस संपेपर्यंतचाही वेळ लागला नाही. नकाशा पडद्यावर उमटला आणि ओढ्याकाठचा सगळा भाग हिरवागार दिसला. रिकाम्या चौकोनासाठी तो प्रोग्राम अडून बसायचा तेव्हा मला त्याचा राग यायचा. तो एवढंच सांगत होता की तिथे जाऊन या.

अल्याडचं आणि पल्याडचं गाव चढावर आहे आणि मधला गट ओढ्याच्या खोलगटात आहे, हे मला माहीत होतं. त्या रस्त्याने मी मोटरसायकलवर गेलेलो होतो. तेव्हा सुचलं नाही असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. सुचलं होतं. लग्नाची जीप उशिरा नेली असती तर बोलणी खावी लागली असती, हेही सुचलं होतं, आणि ते जास्त सुचलं होतं.

नकाशा मोठ्या कागदावर छापून, फ्रेम करून शेतकी ऑफिसात टांगला. वार्षिक सभेत माझा सत्कार झाला. इथपर्यंतची गोष्ट मी सांगत आलो.

त्या खोलगटातल्या गटावर एक ऑपरेटर होता. तिशीचा, शेजारच्याच गावातल्या बौद्ध कुटुंबातला, घरातला नोकरीला लागलेला पहिला माणूस. वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबलेले. त्याचं अक्षर छापल्यासारखं होतं. सेटवर तो पुस्तकातलं मराठी बोलायचा : "कंट्रोल, आपला संदेश स्पष्ट मिळाला, धन्यवाद, ओव्हर." सेट खाली ठेवला की गावाकडची भाषा. तोडीवरचे लोक त्याला 'ओव्हरशेठ' म्हणून चिडवायचे. "ओव्हरशेठ, घरी बायकोलाबी धन्यवाद म्हनता का?" त्यावर तोही हसायचा.

हंगाम सुरू झाला आणि पंधरा दिवसांत त्याची पहिली चिठ्ठी ट्रॅक्टरवाल्याबरोबर आली. 'इथून कंट्रोलला आवाज जात नाही. सकाळी थंड हवेत कधी लागतो, ऊन चढल्यावर अजिबात नाही. कृपया येऊन पाहावे.' मी उलट चिठ्ठी पाठवली : 'बॅटरी चार्ज करून घ्या.' दुसरी चिठ्ठी आली, बॅटरी चार्ज केली आहे. मी कळवलं, वायरचे जोड साफ करा. तिसरी आली, चौथी आली. त्या मी टेबलाच्या खणात टाकल्या. मला कारण माहीत होतं, म्हणूनच मी जात नव्हतो. गेलो असतो तर तो चौकोन लाल करावा लागला असता, आणि लाल केला असता तर मे महिन्यात तो हिरवा कसा होता, हे सांगावं लागलं असतं. ऑपरेटरने स्वतःच आपली सोय केली होती. महत्त्वाचा निरोप असला की सायकलवर चढावरच्या गटात जायचा आणि तिथल्या सेटवरून बोलायचा. सहा-सात किलोमीटर. त्याने त्याचीही तक्रार केली नाही.

जानेवारीत, सकाळी अकराच्या सुमारास, त्याच्या गटाजवळ ओढ्याच्या उतारावर उसाने भरलेली ट्रॉली उलटली. पाथर्डीकडच्या टोळीतला एक तोडकरी तिच्याखाली सापडला. लोकांनी ऊस उपसून त्याला बाहेर काढलं तेव्हा तो बोलत होता. रस्ता ट्रॉलीने अडलेला, दुसरं वाहन नाही. ऑपरेटरने सेटवरून कारखान्याची गाडी मागवायला सुरुवात केली. वीस मिनिटं तो बोलावत होता. उत्तर नाही. मग सायकल काढून चढावरच्या गटात गेला. तिथून पहिल्या हाकेला उत्तर मिळालं. गाडी लांबच्या रस्त्याने पोचली तेव्हा दीड तास उलटला होता. तो माणूस दवाखान्याच्या वाटेवरच दगावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला सेट तपासायला पाठवलं. सेट चांगला होता, बॅटरी भरलेली होती. लॅपटॉप नव्हता, म्हणून मी हातातल्या मीटरने त्याच शून्य ते शंभरच्या हिशेबात मोजलं. पंधराच्या वर आकडा जाईना. चारी बाजूंनी उभा ऊस होता, म्हणून उसाने आवाज खाल्ला, मे महिन्यात नक्कीच गेला असता, असं मी मनात म्हटलं. हा आधार मी पुढे खूप दिवस वापरला. तो खोटा होता. कसा, ते पुढे सांगतो.

त्या वेळी मी जे केलं ते असं. जीपमध्ये लोखंडी पाइपचे दोन तुकडे होते. पत्र्यावरचा एरियल उतरवला, पाइप जोडून पंधरा-सोळा फूट उंच केला, पुन्हा चढवला. खाली पाइप धरून तो ऑपरेटरच उभा होता. रात्रभर झोपला नसावा. डोळे सुजले होते. ताणाच्या तारा बांधून झाल्यावर मी त्याला म्हणालो, "बोलव."

त्याने बटण दाबलं. कंट्रोलचं उत्तर खणखणीत आलं. तो लहान मुलासारखा ओरडला.

"जातंय! साहेब, जातंय!"

मग पाइपकडे पाहिलं आणि हळू म्हणाला, "एवढंच हुतं व्हय? एवढा पाइप?"

मी हत्यारं गोळा करत होतो.

"लोक म्हंत्यात मी जाग्यावर न्हवतो, साहेब. कोन म्हंतं पिऊन पडला हुता. मी दारूला शिवत न्हाई, तुमाला म्हाईत हाय. आता तुमी बघितलं ना? तुमी सांगा त्यांना."

"सांगतो," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी शेतकी ऑफिसात चौकशी झाली. मुख्य शेतकी अधिकारी टेबलामागे बसले होते, बाजूला दोन संचालक. टोळीचे लोक बाहेर बसून होते आणि कोणाला तरी जबाबदार धरल्याशिवाय ते कोयता हातात घेणार नव्हते. अधिकाऱ्यांच्या मागच्या भिंतीवर माझा नकाशा होता.

ऑपरेटरने लॉगबुक पुढे ठेवलं. हंगाम सुरू झाल्यापासून प्रत्येक वेळेची नोंद : 'कंट्रोलला बोलावले, उत्तर नाही.' त्या दिवशीच्या वीस मिनिटांत अकरा नोंदी.

अधिकाऱ्यांनी पानं चाळली. "अक्षर छान आहे. दुसरीकडे अर्ज लिहायला उपयोगी पडेल."

एक संचालक हसले.

"साहेब, मी खोटं लिहिलेलं नाही," तो म्हणाला. सेटवरचं मराठी वापरत होता.

"मग हा काय खोटा आहे?" अधिकाऱ्यांनी मागे न बघता अंगठ्याने नकाशा दाखवला. "हा कॉम्प्युटरने काढलाय. त्याला ना तुझं घेणं, ना माझं. तुझा गट बघ त्यात. कुठला रंग आहे?"

"हिरवा."

"म्हणजे?"

तो माझ्याकडे बघत होता. अजून घाबरलेला नव्हता. मी बोलेन म्हणून वाट बघत होता.

अधिकारी मला म्हणाले, "तुम्ही काल जाऊन आलात ना? सेट चालू आहे की नाही?"

"चालू आहे."

"आवाज येतो?"

"येतो."

"ट्रॉली उलटली त्या दिवशीही यायला हवा होता?"

मी म्हणालो, "नकाशाप्रमाणे यायला हवा होता."

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही, हे मी पुढे शेकडो वेळा मोजून पाहिलं आहे.

"साहेब, पाइप..." तो म्हणाला. "साहेबांनी काल पाइप उंच केला, मग आवाज गेला. मी धरला होता पाइप."

"कसला पाइप?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"देखभालीचं नेहमीचं काम," मी म्हणालो.

त्याच दिवशी त्याला काढून टाकलं. बाहेर टोळीला सांगण्यात आलं की जबाबदार माणसावर कारवाई झाली आहे. दुपारपासून तोड सुरू झाली.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो. त्याच्या जागी एखाद्या संचालकाचा पुतण्या असता, तर लॉगबुक खरं ठरलं असतं आणि नकाशा खोटा. त्या खोलीतल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. मलाही माहीत होतं. माझा त्याच्याशी काही वैरभाव नव्हता, जात-पात मी मानत नाही असं मी चारचौघांत म्हणत असे. पण तो कोण आहे, म्हणून त्याच्यावर ढकललेलं पचेल, हे मला न सांगता कळलं होतं आणि मी त्याचा फायदा घेतला.

आठ दिवसांनी तो कॉलनीतल्या माझ्या क्वार्टरवर आला. सायकल फाटकाला टेकवून उभा राहिला, आत आला नाही.

"नोकरी नको, साहेब," तो म्हणाला. "त्यांनी परत बोलावलं तरी मी यायचा न्हाई. येक कागद द्या निस्ता. मी बोलवत हुतो एवढं लिवा. बाकी कोनाचं नाव लिवू नका, तुमचंबी नको."

"कागद कोणाला दाखवणार?"

"आईला. गावात तिला बाया बोलत्यात, तुझ्या पोराच्या झोपेपायी मानूस मेला म्हनून. ती पान्याला जायची बंद झाली."

मी म्हणालो, "बघू. हंगाम संपू दे."

आमच्या ऑफिसात 'नाही' असं कोणी म्हणत नसे. 'बघू, हंगाम संपू दे' असंच म्हणत. त्यालाही ते माहीत होतं. त्याने मान हलवली, सायकल वळवली.

हंगाम संपला. मी कागद दिला नाही. त्याच्याऐवजी मी एक भलतंच केलं. मे महिन्यात पुन्हा लॅपटॉप मागवला आणि ड्रायव्हर सुट्टीवर असताना स्वतः जीप चालवत ते अकरा चौकोन फिरलो. पाणंदीत जीप रुतली नाही. त्याच्या गटावर, एरियल पाइप चढवण्याआधीच्या उंचीवर उतरवून, मी आकडा घेतला. ऊस नव्हता, रान मोकळं होतं. बावीस. अकरापैकी सात लाल आले. म्हणजे आदल्या मे महिन्यात मी पाणंदीत शिरलो असतो, तर तो पाइप हंगामाआधीच चढला असता. नवा नकाशा छापून मी जुन्याच फ्रेममध्ये घातला. तो बदललाय हे कोणाच्या लक्षात आलं नाही. ज्या कामासाठी नकाशाकडे बोट दाखवलं होतं ते काम होऊन गेलं होतं. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली.

त्या ऑपरेटरबद्दल कानावर येत राहिलं. नागापूरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागला. आई गावातच वारली. मुलगी शिक्षिका झाली. मी निवृत्त होऊन सावेडीला राहायला आलो तेव्हा त्याच्या आणि माझ्या घरात रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांचं अंतर होतं. ते पार करायला मला बारा वर्षं लागली. पत्नीच्या वर्षश्राद्धानंतर एका सकाळी गेलो. ही एकच भेट. त्यानंतर चार महिन्यांत तो गेल्याचं कळलं.

दार मुलीने उघडलं. तो आत खुर्चीवर बसला होता, पायावर शाल. मला त्याने लगेच ओळखलं. उठायला लागला, मी खांद्यावर हात ठेवून बसवलं. मुलीला म्हणाला, "हे आमचे वायरलेसचे साहेब. माझा पाइप यांनीच उंच केला."

मुलगी हसून नमस्कार करून चहा ठेवायला गेली. त्याने ते कशा अर्थाने म्हटलं, हे मला आजही ठरवता येत नाही. चेहऱ्यावर काही नव्हतं. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

आम्ही गुडघ्यांबद्दल बोललो. साखरेच्या गोळ्यांबद्दल बोललो. कुठला डॉक्टर घाईत असतो आणि कुठला बोलतो, यावर बोललो. मुलगी दोनदा आत-बाहेर झाली आणि दोन्ही वेळा, ती आत गेली की बोलायचं, असं मी ठरवलं. तिसऱ्यांदा ती कपबशा घेऊन गेली तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "साहेब, येवढ्या लांब आलात. काय काम हुतं?"

माझ्या मनात सगळं तयार होतं. रिक्षात मी ते पाठ करत आलो होतो. तुम्ही बोलावत होता. वीस मिनिटं बोलावत होता, आणि तो आवाज तिथून जाऊच शकत नव्हता. तो आकडा मी रसवंतीत बसून टाकला होता. चौकशीत मला सगळं माहीत होतं. तुमच्या आईने जे ऐकलं, ते माझ्यामुळे ऐकलं. मला माफ करा.

"सहज," मी म्हणालो. "इकडे आलो होतो."